खाडीकाठचे गुळणे

खाडीकाठच्या माणसांना बाहेरचं जग ‘गुळणे’ म्हणतं. बाजारात म्हणतं, कोर्टात म्हणतं, सोयरीक जमवायला बसलं तरी आधी तेच म्हणतं. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प बसणारी माणसं, म्हणून गुळणे. आता हे नाव नेमकं पडलं कसं, यावर खाडीकाठच्या दोन माणसांचं एकमत झालेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही. आणि गंमत बघा, एरवी मूग गिळून बसणारी ही मंडळी या एका विषयावर तोंड उघडलं की मिटायचं नाव घेत नाहीत.

त्या दिवशी सकाळी बंदरावरच्या मोठ्या हॉलमध्ये हाच विषय निघाला होता. काचेच्या भिंतीपलीकडे जहाज उभं होतं. पांढरंशुभ्र, एवढं उंच की वरचा मजला बघायचा तर मान मोडावी. खाडीकाठची वीसेक माणसं एकाच पेठेतली, एकमेकांच्या घरातली भांडीसुद्धा ओळखणारी, आयुष्यात पहिल्यांदा क्रूझला निघाली होती. सगळ्यांच्या गळ्यात एकसारखे पिवळे पट्टे, बॅगांना पिवळ्या चिठ्ठ्या. खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर आणि मधे चहाचे कागदी कप फिरत होते.

रांगेच्या टोकाला वहिनी बसल्या होत्या. सगळी पेठ त्यांना वहिनीच म्हणायची, कारण त्यांचे यजमान म्हणजे पेठेचे मिस्त्री. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. वहिनींच्या कानावर शब्द पडत होते, पण डोक्यात एकही शिरत नव्हता. त्यांचं सगळं लक्ष मिस्त्रींच्या वरच्या ओठावर होतं. हॉलमध्ये एसी असा की बायका खांदे आवळून बसल्या होत्या, आणि या माणसाच्या ओठावर घामाचे थेंब.

“सोपं आहे हो,” मास्तर म्हणाले. त्यांनी उभी हयात शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे ‘सोपं आहे’ म्हणून सुरू केलेली गोष्ट ते हमखास लांबवत. “खाडीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. माणसांनी भरलेली होडी मधोमध आली आणि एकजण ओरडला, पाणी शिरलं! झालं. सगळे एका अंगाला धावले आणि होडी उलटली. पाणी शिरलं होतं किती? वाटीभर. तेव्हापासून रीत पडली. होडीत पाय ठेवताना तोंडात खाडीचं पाणी धरायचं आणि पलीकडे उतरल्यावर थुंकायचं. मधे कुणी बोलूच शकत नाही.”

“काहीतरीच!” वन्सं म्हणाल्या. वन्सं म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. वहिनींना त्या वन्सं, बाकी सगळ्यांना ताई. ही सगळी सहल त्यांनीच जमवून आणली होती. “बायकांमुळे पडलंय ते नाव. पुरुष समुद्रावर जायचे ते महिना महिना यायचे नाहीत. दोर सोडताना बायको रडली की अपशकुन. मग बायका तोंडात पाणी धरून काठावर उभ्या राहायच्या. तोंडात पाणी असलं की हुंदका देता येत नाही. करून बघा हवं तर.”

“दात!” कंपाउंडर म्हणाले. दवाखान्यात औषधं बांधून बांधून त्यांना सगळ्या जगाचं मूळ कुठल्या ना कुठल्या दुखण्यात दिसायचं. “निव्वळ दात. आपल्या विहिरी मचूळ, त्यामुळे दाढा किडलेल्या. सकाळी उठून अख्खी पेठ मिठाच्या गुळण्या करत उभी. कुणा परक्यानं पाहिलं असेल, ठेवलं नाव.”

“म्हणजे आमचे पूर्वज शूर नाहीत, किडक्या दाढांचे!” मास्तर भडकले, आणि सगळे खो खो हसले.

मिस्त्रीही हसले. पण हसताना त्यांनी डावा हात खांद्यापासून कोपरापर्यंत चोळला, जणू नुसता अवघडला होता.

वहिनी खाडीकाठच्या नव्हेत. त्या डोंगराकडच्या. तिकडे माणसं एका घरातून दुसऱ्या घरात ओरडून बोलतात, भांडण झालं तर अख्ख्या गल्लीला कळवतात आणि पायाला काटा टोचला तरी आईला हाक मारतात. लग्न होऊन त्या पहिल्यांदा होडीत बसल्या तेव्हा सहज म्हणाल्या, “ढग फार आलेत, नाही?” त्यावर सासूबाईंनी दंडाला असा चिमटा काढला की चार दिवस निळा डाग राहिला. मग घरी नेऊन समजावलं. तीर लागेपर्यंत वाईट बोलायचं नाही. ढग दिसला तरी नाही, भोक दिसलं तरी नाही, पोटात कळ आली तरी नाही. ज्याला दिसलं त्यानं गुपचूप निस्तरायचं. आणि समोरच्याला काही होत असलं तर विचारायचंही नाही, कारण विचारलं की त्याला सांगावं लागतं.

ही रीत होडीपुरती असती तर ठीक होतं. पण ती होडीतून उतरून घरात आली, दुकानात आली, दवाखान्यात आली. खाडीकाठच्या माणसाचं सगळं आयुष्यच तीर न लागलेलं.

एकदा धक्क्यावर मिस्त्रींचं बोट इंजिनाच्या पट्ट्यात सापडलं. वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. रक्त बघून त्या किंचाळल्या, माणसं धावत आली, गर्दी झाली. मिस्त्रींनी बोटाला फडकं गुंडाळलं आणि एवढंच म्हणाले, “चारचौघांत शोभा केलीस.” मग कितीतरी दिवस ते बायकोशी बोलले नाहीत. रागावून आदळआपट केली असती तर परवडलं असतं. ताटात वाढलेलं निमूट खायचे आणि उठायचे. त्या दिवसांत वहिनी शिकल्या. पुढे त्या खाडीकाठच्यांपेक्षाही पक्क्या गुळण्या झाल्या. नवी बाटगी जास्त कडवी अशातली गत, म्हणायच्या त्या स्वतःच.

आज पहाटे बसमध्ये मिस्त्रींनी छातीवर हात ठेवलेला त्यांना दिसला होता. त्यांनी नुसतं बघितलं. मिस्त्री म्हणाले, “अपचन आहे. घशाशी आलंय.” थोड्या वेळानं म्हणाले, “ताईसमोर काही काढू नकोस. भावोजी गेल्यापासून पहिल्यांदा हसतेय ती. शपथ आहे तुला माझी.” आणि वहिनींचं मनगट त्यांनी असं दाबलं की बांगडी रुतली.

शपथ कुणाची घातली? स्वतःचीच. आता या माणसाला काय म्हणावं? बोललं तर शपथ मोडते, आणि नाही बोललं तर शपथ घालणाराच...

वहिनींनी तो विचार तिथंच दाबून टाकला. पण असला विचार दाबला की जास्तच वर येतो. अपचन असेल, त्या मनाला सांगत होत्या. काल रात्री उशिरा जेवले. मग जबडा का चोळतायत? गारठा लागला असेल. मग घाम कसला? एकेका प्रश्नाला त्या एकेक उत्तर शोधत होत्या, आणि उत्तरं संपत चालली होती.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “पाणी देऊ?”

“नको.”

“जरा पाय मोकळे करता?”

मिस्त्रींनी डोळे मोठे केले. म्हणजे गप्प बस. वहिनी गप्प बसल्या.

समोर वाद रंगात आला होता. रांगेच्या दुसऱ्या टोकावरून एकजण म्हणाला, “बाहेरचे तर म्हणतात, आपले आजे-पणजे चोरटा माल आणायचे. जकातवाले आले की तोंडात पाणी धरून सगळे बसायचे. बोलणार कोण?”

“गप रे!” मास्तर म्हणाले. “दुसऱ्यानं म्हटलं म्हणून आपण म्हणायचं होय?”

“पण खरं काय ते सांगा ना. वहिनी, तुम्ही बाहेरच्या. तुम्हीच निकाल द्या.”

सगळ्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी तोंड उघडलं. त्या क्षणी त्यांना वाटलं, आता सांगावं. नावाचं राहू द्या, यांच्याकडे बघा, यांचा रंग बघा. जिभेवर आलं होतं. पण शेजारच्या खुर्चीवरून मिस्त्रींचा हात आला आणि त्यांच्या मनगटावर बसला. हात बर्फासारखा होता.

“मला काय कळतंय त्यातलं?” वहिनी म्हणाल्या. “मी आपली सून.”

सगळे हसले. कंपाउंडर मात्र हसले नाहीत. ते मिस्त्रींकडे बघत होते, पण वहिनींची नजर पडताच त्यांनी चहाच्या कपात डोळे घातले.

तेवढ्यात भोंगा झाला, टूरवाल्या बाईंनी पिवळा झेंडा वर धरला आणि सगळे उठले. बॅगा ओढल्या गेल्या, पट्टे सारखे केले गेले, फोटो काढले गेले. मिस्त्री उठले ते खुर्चीच्या पाठीचा आधार घेऊन. एका हातानं रुतलेलं इंजिन हलवणारा माणूस खुर्चीला धरून उठतोय हे वहिनींनी बघितलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. आपल्याला दिसलं ते दुसऱ्या कुणाला कसं दिसत नाही, हेच त्यांना कळेना.

रांग लागली. रांगेच्या तोंडाशी जहाजावरची नर्स उभी होती. प्रत्येकाला ती तेच विचारत होती, “ताप, उलट्या, छातीत दुखणं, दम लागणं, काही त्रास? परवापर्यंत किनारा नाही, आत्ताच सांगा.”

परवापर्यंत किनारा नाही. वहिनींच्या डोक्यात ते शब्द घुमायला लागले. चहूकडे पाणी, आणि या माणसाची छाती.

मास्तरांनी मान हलवली, नाही. वन्संनी हलवली. कंपाउंडर क्षणभर घुटमळले, मग त्यांनीही हलवली. मिस्त्रींनी ऐटीत हलवली, वर हसलेसुद्धा. नर्सनं वहिनींकडे बघितलं.

“तुम्हाला किंवा बरोबरच्यांना, काही त्रास?”

वहिनींची मान हलली. नाही.

नंतर त्या लोकांना सांगायच्या, मी हलवली नाही हो, ती हलली. इतक्या वर्षांची सवय मानेत जाऊन बसली होती. नर्स पुढच्याकडे वळली. वहिनींना वाटलं, आपण आत्ता नवऱ्याला आपल्या हातानं ढकललं. पाय मात्र चालत होते, कारण मागचे ढकलत होते.

हॉल संपतो तिथून जहाजाकडे जाणारा चढाचा पूल सुरू होत होता. दोन्हींच्या मधे हातभर फट, तिच्यावर लोखंडी पत्रा, आणि खाली काळं पाणी हलत होतं. मिस्त्री पत्र्यापाशी थांबले. वर बघायला लागले.

“काय मोठं आहे, नाही?” ते म्हणाले.

जन्मभर बोटींत वावरलेला हा माणूस कधी कुठल्या जहाजाकडे असा आ वासून बघत उभा राहिला नव्हता. ते जहाज बघत नव्हते. त्यांना पाऊल उचलत नव्हतं. त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, आणि ओठ हलत होते पण हवा आत जात नव्हती.

वहिनींनी तोंड उघडलं. आवाजच निघेना. खरंच निघेना! स्वप्नात ओरडायला जावं आणि घसा बंद व्हावा, तसं झालं. लोक बाजूनं पुढे जात होते. मिस्त्रींनी एक पाय पत्र्यावर ठेवला.

“थांबा!” वहिनी ओरडल्या. “थांबा हो कुणीतरी! यांच्या छातीत दुखतंय! सकाळपासून दुखतंय! मेले तरी सांगणार नाहीत, मी सांगतेय!”

डोंगराकडचा तो आवाज. हॉलच्या दुसऱ्या टोकाला चहावाल्याच्या हातातला कप थबकला. मिस्त्रींनी मान वळवून बायकोकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग असेल असं वहिनींना वाटलं होतं. राग नव्हता. नुसती भीती होती, लहान मुलाच्या डोळ्यांत असते तशी. वहिनी जास्त घाबरल्या त्या तेव्हा.

मग मिस्त्रींचे गुडघे वाकले.

पण ते पडले नाहीत. पडायच्या आधीच मास्तरांचा हात त्यांच्या काखेत होता. कंपाउंडर पुढे आले आणि त्यांनी मूठ उघडली. मुठीत पांढरी गोळी होती, घामानं ओली, कडा विरघळलेल्या. “चघळा, मिस्त्री, गिळू नका,” ते म्हणाले. वन्संनी कुठूनशी खुर्ची ओढली. मिस्त्रींची बॅग कुठं आहे म्हणून वहिनींनी इकडेतिकडे बघितलं, तर ती वन्संच्या ढकलगाडीवर केव्हाची चढलेली.

वहिनी गोळीकडे बघत राहिल्या. ओली झालेली गोळी. ती आत्ता पाकिटातून काढलेली नव्हती.

“तुम्हाला माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

मास्तर मिस्त्रींच्या शर्टाचं वरचं बटण काढण्यात गुंतले.

“कंपाउंडरभावजी, तुम्हाला विचारतेय! ही गोळी केव्हापासून धरलीत हातात?”

“बसमधून उतरलो तेव्हापासून,” कंपाउंडर खाली बघत म्हणाले. “ते चालले तेव्हाच मला शंका आली. म्हटलं, मिस्त्री काही म्हणाले तर लगेच देता येईल.”

“काही म्हणाले तर!”

“मी खुर्च्या मुद्दाम दाराजवळच्या धरल्या,” मास्तर पुटपुटले. “आणि विषय काढला, की त्यांचं लक्ष दुसरीकडे... म्हटलं, तुम्हा दोघांना बोलायचं नसेल.”

वहिनींनी वन्संकडे बघितलं. “सहल गेली खड्ड्यात गं,” त्या म्हणाल्या. “पण मी विचारलं असतं आणि तो हो म्हणाला असता तर? आमच्या ह्यांच्या वेळीही मला दिसलं होतं. तेव्हाही नाही विचारलं मी.”

वीस माणसांनी बघितलं होतं. सगळ्यांनी मिळून एका माणसाला सांभाळून, हसतखेळत, त्या पत्र्यापर्यंत आणून पोचवलं होतं. वहिनींना भयंकर राग आला, आणि त्या रागातच त्यांना कळलं की आपणही त्यांच्यातल्याच. नर्सवर, मास्तरांवर, स्वतःवर, सगळ्यांवर त्या एकदम ओरडल्या, “अँब्युलन्स बोलवा! उभे काय राहिलात?”

आणि काय सांगू, गुळणे ओरडायला लागले. मास्तर ओरडत रस्त्याकडे धावले, टूरवाल्या बाई फोनवर ओरडल्या, जकातवाल्यांची गोष्ट काढणारा तो माणूस “बाजूला व्हा! बाजूला व्हा!” करत वाट करायला लागला. बंदरावरच्या लोकांना वाटलं, आग लागली.

अँब्युलन्समध्ये वन्सं ड्रायव्हरशेजारी बसल्या. मागे मिस्त्री आडवे, नाकावर नळी, छातीला वायरी चिकटवलेल्या. डोक्याशी वहिनी आणि पायाशी अँब्युलन्समधला माणूस. तो पडद्यावरची हिरवी रेघ बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

“काकू, यांना झोपू देऊ नका,” तो म्हणाला. “बोलतं ठेवा.”

“यांना? बोलतं?” वहिनी म्हणाल्या. एरवी त्यांना हसू आलं असतं. त्यांनी नवऱ्याचा गार हात दोन्ही हातांत धरला. “अहो, ऐकताय ना? शपथ मोडली मी. रागवा हवं तर. पण बोला. कुठं दुखतंय ते सांगा.”

मिस्त्रींनी डोळे उघडले. त्या माणसाकडे बघितलं, मग बायकोकडे. ओठ ओले केले.

“दुखतंय,” ते म्हणाले.

वहिनींनी हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर ऐकला नव्हता. बाळंतपणात त्या स्वतः ओरडल्या तेव्हा बाहेर उभे राहून यांनी जीभ चावली होती म्हणे, तेही दाईनं सांगितलेलं.

“कुठं?”

“इथं. आणि हात. आणि दाढेपर्यंत.”

“केव्हापासून? सकाळपासूनच ना?”

“नाही गं. बरेच महिने झाले. जिना चढलो की.”

वहिनींना एक थप्पड द्यावीशी वाटली. “बोला,” त्या म्हणाल्या. “अजून काय काय दुखतं? सगळं सांगा.”

आणि मिस्त्री सांगायला लागले. आवाज बारीक, मधेमधे दम लागत होता, पण सांगत होते. उजवा गुडघा, बोटीतून घसरले होते तेव्हापासून. ते पट्ट्यात सापडलेलं बोट, थंडीत अजून ठणकतं. तेव्हा बायको ओरडली ते बरं वाटलं होतं, पण लोक बघत होते. लग्नाच्या दिवशी बूट एवढे चावत होते की कुणाचेच चेहरे आठवत नाहीत. आई गेली तेव्हा धक्क्यावर जाऊन इंजिन मुद्दाम चालू केलं, म्हणजे रडलेलं ऐकू जाऊ नये. अँब्युलन्सचा माणूसही मान वळवून ऐकायला लागला होता. पुढून वन्संचं हुंदके देणं ऐकू येत होतं, आणि त्या ते दाबत नव्हत्या.

“भीती वाटतेय गं,” मिस्त्री म्हणाले. “पत्र्यापाशी खाली पाणी बघितलं ना, तेव्हापासून.”

“मलाही वाटतेय,” वहिनी म्हणाल्या. “सकाळपासून. पुढे बोला.”

मिस्त्री थांबले. डोळे मिटले.

वहिनींची रेघेकडे बघायची छाती होईना. “अहो!” त्या किंचाळल्या. “अहो, पुढे! बोला ना पुढे! थांबू नका!”

“अगं हो,” मिस्त्री डोळे मिटूनच म्हणाले. “श्वास तर घेऊ देशील?”